मामेसासऱ्यांचं शेंडेफळ

आमच्या मामेसासऱ्यांइतकं अगत्य करणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही, आणि त्यांच्या घरी पाहुणा म्हणून दुसऱ्यांदा जाणारा माणूसही माझ्याशिवाय सहसा सापडायचा नाही. मी जातो तो शूर आहे म्हणून नव्हे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्नात तिला हाताला धरून बोहल्यापर्यंत त्यांनीच आणलं होतं. अशा माणसाच्या घरी 'मला भीती वाटते' म्हणून जायचं नाही, हे आमच्या घरात चालत नाही. शिवाय मी नोकरीला रबाळ्याला आणि ते राहायला घणसोलीला, म्हणजे 'लांब पडतं' हेही कारण गेलं. बेल वाजवली की मामा स्वतः दार उघडतात आणि तोंडभर हसून म्हणतात, "या या जावईबापू! हात!" बाकी जगात पाहुण्याला आधी पाणी देतात, इथे आधी बेसिन दाखवतात. बिनवासाचा साबण, स्वच्छ टॉवेल, आणि धुतलेले हात मामांच्या नाकाखाली धरायचे. "काल पापलेट झालं वाटतं? पुन्हा धुवा." दोन-तीनदा धुऊन हात पास झाले की मामा आतल्या खोलीत जातात आणि बाहेर येऊन आपल्या मनगटावर चांगला हात-दीड हात लांबीचा जिवंत साप ठेवतात. मग कुशीत मूल दिल्यासारखं बघत म्हणतात, "आता सावकाश बसा." त्यानंतर मामी चहा आणतात. तो पिता येत नाही, कारण एका हातात साप असतो आणि दुसरा हात थरथरत असतो. "जावई, च्या निवला," असं म्हणून मामी कप परत घेऊन जातात. हा त्यांच्या घरचा चहा मी कित्येक वर्षं असा लांबूनच बघत आलो होतो.

मामा मूळचे कराडकडचे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले, तळवली गावात एका आगरी घरमालकाच्या चाळीत खोली घेतली, आणि दोन वर्षांत भाडेकरू होते ते घरमालकाचेच जावई झाले. मामी अजून सांगतात, "बापानं मना खोली खाली करा म्हनून सांगाया पाठवलेली, तं हे मनाच घेऊन गेलं." पुढे घणसोलीला फ्लॅट झाला, मुलगा शिकला, नोकरीला बंगळुरूला गेला, मामा निवृत्त झाले. आता निवृत्त माणूस घरात बसला की त्याचं लक्ष हळूहळू स्वयंपाकघराकडे वळतं, तसं मामांचंही वळलं. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी जिऱ्यामोहरीचे डबे कचेरीतल्या फायलींसारखे अनुक्रमाने लावले. मामींच्या हातून फोडणीत मोहरी म्हणून खसखस पडली. मामी म्हणाल्या, "तुमाला काय करायचं ते करा, पन माज्या वट्याकडं फिरकायचं नाय." कुणी म्हणालं बागकाम करा, कुणी म्हणालं पेटी शिका, कुणी सकाळी बागेत जाऊन मोठ्याने हसणाऱ्या मंडळीत जायला सुचवलं. मामा सगळ्यांचं ऐकत होते. त्या सुमारास एका जुन्या सहकाऱ्याच्या वास्तुशांतीसाठी ते पुण्याला गेले. माणसं पुण्याहून बाकरवडी आणतात. मामांनी कापडी पिशवीतून सापाचं एक पोर आणलं. सहकाऱ्याच्या मुलाकडे म्हणे हे साप होते, आणि मामांनी एकदा हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. मामींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "हा आनल्यावर तुमी स्वयपाकघरात येनार नाय ना?" मामा म्हणाले, "वेळच मिळायचा नाही." "मंग ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. एवढ्यावर तो साप बंगळुरूच्या मुलाच्या खोलीत राहायला आला.

साप म्हटलेलं मामांना खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हे कॉर्न स्नेक. मूळचे अमेरिकेतले. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, ठिपक्यांना काळी किनार, आणि पोट बघावं तर सारीपाटासारखं काळ्यापांढऱ्या चौकटींचं. मामा सांगतात, "विष नाही, फणा नाही, कुणाच्या अंगावर धावून जाणं नाही. आमचे हेडक्लार्क याच्या दसपट विषारी होते." पुण्याहून आणलेली ती मादी म्हणजे 'थोरली'. तिच्यासाठी मागाहून आणलेला नर हा 'पाहुणा', आणि तीन वर्षं झाली तरी तो पाहुणाच आहे. मामी लांबून बघत म्हणत, "साप म्हनू नये धाकटा नि नवरा म्हनू नये आपला." पण देशी सापाच्या बाबतीत मामा कायद्याला धरून आहेत. एकदा त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. माणसं ओरडत मामांकडे धावली. मामा लुंगीवरच खाली आले, खांबाआडून पाहिलं, आणि म्हणाले, "ही आपली धामण. हिला हात लावायचा मला अधिकार नाही. सर्पमित्राला फोन करा." आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. सेक्रेटरी म्हणाले, "घरात दोन दोन पाळतो आणि इथे पळतो?" मी हे मामांना सांगितलं, तर ते मुळीच रागावले नाहीत. "अहो, घरची माणसं वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी," म्हणाले. "त्या धामणीची माझी काय ओळख?"

आता या जनावरांचा संसार मांडायचा म्हणजे त्यांना थंडी लागते. दोन महिने थंडीत गपगार झोपून काढल्याशिवाय त्यांना लग्नाची इच्छा होत नाही. आणि नवी मुंबईत थंडी म्हणजे काय, तर डिसेंबरात पंखा पाचवरून तीनवर येतो. मग मामांनी मार्गशीर्षात आतल्या खोलीचा एसी सोळावर लावला, तो संक्रांत होईपर्यंत बंद केला नाही. पुढे मे महिन्यात सगळी घणसोली एसी लावून झोपते, तेव्हा अंड्यांना ऊब हवी म्हणून मामांचा एसी बंद. सारा गाव एकीकडे आणि हे एकीकडे. मामी सांगत, "थंडीत मी गोधडी घेऊन त्या दारापुढून जाते नि उन्हाळ्यात पदर हलवत. घर एकच हाय, पन आमच्यात रुतू उलटं येतात."

सापांखालोखाल त्या घरात महत्त्वाची जागा म्हणजे फ्रीजर. तो अर्धा मामींचा आणि अर्धा मामांचा. मामींच्या अर्ध्यात तळवलीहून भावाने आणलेली खाडीची कोलंबी, मांदेली, बोंबील. मामांच्या अर्ध्यात उंदीर. मेलेले, गोठवलेले, मापानुसार पिशव्यांत भरलेले. थोरलीचा जेवणाचा वार गुरुवार. मी एकदा बुधवारी गेलो असताना मामींनी भाचीसाठी कोलंबीची पिशवी काढून ठेवायला सांगितली आणि मामांनी ती प्रेमाने माझ्या बॅगेत घातली. घरी नेरुळला येऊन मी ती आमच्या फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कालवणाची तयारी म्हणून पिशवी कोमट पाण्यात सोडली, वाटण वाटलं, आणि मग पिशवी उघडली. त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही. आमच्या शेजारच्या काकू अजून विचारतात, त्या दिवशी घरात कुणी गेलं होतं का. मी रागाने मामांना फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "अहो जावईबापू, बरं झालं फोन केलात! ते तेवढे संध्याकाळच्या आत पोचवा. आज गुरुवार आहे, थोरली वाट बघतेय." मी रबाळ्याला जाताना ते पोचवलेसुद्धा. या माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

या वर्षी होळीच्या सुमारास थोरलीला दिवस गेलेत, असं मामांनी जाहीर केलं. मामी तोवर त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कधी गेल्या नव्हत्या. पण बातमी कळल्यावर त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "काय खातेय?" त्यांनी विचारलं. "या दिवसांत काही खात नाही." "म्हंजे डोहालं कडक हायेत," असं म्हणून त्या गेल्या, आणि त्या दिवसापासून मिक्सर लावताना स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ लागल्या. पुढे थोरलीने अंडी घातली. पंधरा-सोळा असतील, पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. त्यांना उबवायला काहीतरी बंद, ऊब धरून ठेवणारं हवं होतं. मामांनी मामींच्या भावाकडून मासळीचा थर्माकोलचा खोका आणला, चारदा धुतला, उन्हात वाळवला, आत ओलसर भुसा, खाली गरम होणारी पट्टी, वर थर्मामीटर असा थाट केला. खोक्याचा वास काही गेला नाही. मामा रोज त्यात नाक घालून म्हणत, "पोरं पापलेटच्या पोटी जन्माला येणार." आणि दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, अंड्यांच्या कातड्यातून एकेक इवलंसं नाक बाहेर आलं. मामांचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. त्यांना बोलताच येईना. मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. "अहो, मी आजोबा झालो," एवढंच ते म्हणाले. बंगळुरूचा मुलगा अविवाहित आहे, त्यामुळे माझा क्षणभर फार गोंधळ उडाला.

पण मामींची अट पहिल्यापासून ठरलेली होती. दोन म्हणजे दोन. पिल्लं घरात राहायची नाहीत. मामांनी ती मान्य केली होती आणि मामांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. तेव्हा पिल्लांना घरं बघायची आली. प्रत्येकाला वेगळा डबा हवा, तो माझ्याकडून. कारण मी प्लॅस्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात माल तपासायला आहे. झाकणाला चीर गेलेले, नापास झालेले डबे मी मामांसाठी बाजूला काढायचो आणि घरी बसून हवेसाठी त्यांना भोकं पाडायचो. मामांनी मग सापांची हौस असणाऱ्या मंडळींत शब्द टाकला. ठाण्याहून, खारघरहून, पुण्याहून तरुण पोरं-पोरी येऊ लागली, आणि मामांनी त्यांना जे काही छळलं, ते उपवर मुलीच्या बापालाही कधी जमलं नसेल. घरात कोण कोण? वीज किती जाते? आईला पसंत आहे का? आईला फोन लावा, मी बोलतो. खारघरच्या एका मुलाला त्यांनी होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी न कळवता त्याच्या घरी जाऊन खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहून आले. एका मुलीने पिल्लू हातात घेऊन म्हटलं, "काका, मी हिचं नाव नूडल ठेवणार." मामांचा चेहरा पडला. ती गेल्यावर मला म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. पण नावाचं काय करू?" दोन दिवस विचार करून शेवटी त्यांनी तिला पिल्लू दिलं, कारण पिल्लाने तिच्या हातात जांभई दिली होती. "घर मानवलं की माणूस जांभया देतो," मामा म्हणाले.

मामांचा एक नियम मात्र कडक होता. उपाशी पोटी लेक सासरी जायची नाही. पिल्लाने पहिली कात टाकली, की त्याला उंदराचं नुकतं जन्मलेलं, बोटाच्या पेराएवढं पिल्लू द्यायचं. ते त्याने आपणहून खाल्लं, तरच त्याची पाठवणी. एकेक करत सगळी जेवली, एकेक करत सगळी गेली. राहिलं एक. अंड्यातून सगळ्यात शेवटी निघालेलं, सगळ्यात बारीक, आणि जेवायला अजिबात तयार नसलेलं. मामा त्याला शेंडेफळ म्हणायचे.

आणि इथे अधिक महिना लागला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, सोबत दिवा. वाणाचा पदार्थ जाळीदार लागतो, म्हणून अनारसे. माझे सासूसासरे आता नाहीत, त्यामुळे वाणाचा मान मामांनी आपल्याकडे घेतलेला. एका संध्याकाळी मी नव्या डब्यांची चळत घेऊन गेलो, तर मामांनी माझे हात हुंगून झाल्यावर माझा हात सोडलाच नाही. "जावईबापू, मला सांगा, विष्णू कशावर झोपतो?" मी म्हणालो, "शेषावर." "अनारशांवर नाही ना झोपत? मग आपण विष्णूला इतकी वर्षं अनारसे का देतोय?" मी म्हणालो, "मामा, वाण जाळीदार लागतं." मामांनी मीच आणलेला डबा उचलला, दिव्यासमोर धरला, आणि भोकांतून पडलेले प्रकाशाचे ठिपके माझ्या शर्टावर दाखवत म्हणाले, "ही काय जाळी! तुम्हीच पाडलीय." शेंडेफळ एकदा जेवलं, की अधिकाच्या शेवटच्या रविवारी ते वाण म्हणून माझ्या हातात पडणार होतं. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, तू मामांना सांग. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अधिकात जावयाने वाणाला नाही म्हणायचं नसतं. आणि तू विष्णू आहेस ना? मग घाबरतोस कशाला?"

तेव्हा माझी सगळी भिस्त शेंडेफळाच्या उपासावर होती. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मी रोज देवापुढे उभा राहून, ते आणखी थोडं थांबू दे, अशी प्रार्थना करत होतो. अधिक संपला की मी सुटलो. कारखान्यातून परतताना रोज मामांकडे डोकावायचो आणि "जेवलं का?" असं विचारायचो. "नाही," मामा म्हणायचे, आणि मला हायसं वाटायचं. पण दिवस जाऊ लागले तशी गंमत राहिली नाही. मामांनी सगळं करून पाहिलं. उंदीर कोमट करून, काळोखात ठेवून, डबा पालथा घालून, चिमट्याने नाकापुढे हलवून. शेंडेफळ मान फिरवायचं आणि डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. मामांची दाढी वाढली. सोसायटीत कुणाशी बोलेनात. बंगळुरूहून मुलाचा फोन आला तर "नंतर" म्हणून मामींकडे द्यायचे. एके दिवशी त्यांनी शेंडेफळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पायजम्याच्या नाडीएवढं होतं. पाठीचा कणा बोटाला लागत होता. ते माझ्या अंगठ्याला वेटोळं घालून बसलं आणि त्याने दोऱ्यासारखी जीभ बाहेर काढून माझी चौकशी केली. मामा हळू आवाजात म्हणाले, "अजून एखादा आठवडा. त्यापुढे नाही टिकायची ती." त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात थरथरत नव्हता, हे मला जिना उतरताना लक्षात आलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. दुपारच्या सुट्टीत मीच फोन करू लागलो, "मामा, जेवलं का?" आमच्या बेडरूममध्ये कपाटाशेजारची एक फळी मी रिकामी केली. एक थर्मामीटर आणून पलंगावरच्या उशीखाली लपवला. बायकोला तो सापडला. ती माझ्याकडे बघून हसली फक्त.

अधिकाचा शेवटचा रविवार उजाडला. आम्ही घणसोलीला पोचलो तेव्हा पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, निरांजन तयार, ताटात मामींनी केलेले अनारसे. मामांनी दार उघडलं, पण "हात" म्हणाले नाहीत. म्हणजे शेंडेफळ अजून जेवलं नव्हतं, हे मी समजलो. स्वयंपाकघरात एकीकडे पुरणाचे धोंडे उकडत होते आणि दुसरीकडे, खाली विळीशी बसून, मामी कोलंबी सोलत होत्या. बायको म्हणाली, "मामी, अधिकात?" मामी म्हणाल्या, "अधिक तुमच्याकडचा. भावानं सकालीच ताजी आनलेय, ती काय तुमचा अधिक सरंपत्तर थांबनार हाय?" बाहेरच्या खोलीत मामा शेंडेफळाचा डबा पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले होते. चिमट्यात उंदराचं पिल्लू धरून त्याच्या नाकापुढे नेत होते, आणि शेंडेफळ मान फिरवत होतं. पिल्लू चिमट्यातून निसटून डब्यात पडलं. मामांनी उचललं. पुन्हा पडलं. मग मामांनी चिमटा खाली ठेवला आणि नुसते बसून राहिले. "माझ्याच्याने होत नाही हो, जावईबापू," म्हणाले. मी त्यांच्याशेजारी बसलो. कचेरीत पस्तीस वर्षं ताठ मानेने बसलेला हा माणूस मी असा कधी पाहिला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात मामी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. हात कोपरापर्यंत कोलंबीच्या पाण्याने ओले. "सरा बाजूला," त्या म्हणाल्या. "पोराला आसं भरवतात काय? लोखंड दाखवून?" आणि कधी ज्या खोलीत गेल्या नाहीत तिथल्या त्या जिवाच्या पुढ्यात त्यांनी बसकण मारली आणि उंदराचं ते पिल्लू दोन बोटांत उचललं. मामा दचकून ओरडले, "अगं हात! हात धू आधी! मासळीचा वास..." मामींनी लक्षच दिलं नाही. "आपला बाब्या लानपनी आसाच तोंड फिरवायचा," त्या म्हणाल्या, "कोनी भरवलान त्याला? तुमी?" आणि त्यांनी ते पिल्लू शेंडेफळाच्या नाकापुढे धरलं. शेंडेफळाने जीभ बाहेर काढली. एकदा, दोनदा. मग नुसती जीभच आतबाहेर, आतबाहेर. मान फिरवली नाही. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. आणि एकदम त्या नाडीने झेप घेतली, पिल्लू पकडलं, त्याला दोन वेढे दिले, आणि मामींच्या बोटांशीच बसून गिळायला लागलं. मामी जागच्या हलल्या नाहीत. अर्धं गेलं, पाऊण गेलं, शेपटी गेली, आणि शेंडेफळाने डाव्या-उजव्या बाजूला जबडा हलवून एक मोठी जांभई दिली.

मामा उठले, बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. इतकी वर्षं ज्या घरात बिनवासाच्या हातांशिवाय सापाजवळ कुणाला जाऊ दिलं नाही, तिथे पापलेटच्या खोक्यात जन्मलेल्या या पोरीला हवा होता तो वास. मामा तोंड पुसत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज मात्र एकदम पूर्वीचा. "चला! जावईबापू, पाटावर बसा! वाण तयार आहे!" मी बसलोसुद्धा. खरं सांगतो, आनंदाने बसलो. बायकोने पदर खांद्यावर घेतला. मामांनी डब्याला हळद-कुंकू लावलं आणि मामींकडे हात पुढे केला.

मामींनी डबा दिला नाही. तो मांडीवर ठेवून त्या शेंडेफळाकडे बघत होत्या. "ही कुठं जायाची नाय," त्या म्हणाल्या.

"अगं, असं काय करतेस? तूच म्हणालीस ना, दोन म्हणजे दोन? आणि मी जावयाला शब्द दिलाय."

"जावयाला अनारसे द्या. तो विष्णू हाय ना, झोपंल पलंगावर." मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "जावई, रागवू नका. पन तुमच्याकडं हिला कोन भरवनार? तुमी डबे तपासायला जानार, आमची भाची जानार शाळंत शिकवाया. कोलंबी माज्याच हातची खाते."

अशा रीतीने शेंडेफळाचं नाव कोलंबी पडलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे, आणि मान खाली घालून तो डबा रिकामा करून अनारसे त्यात भरले. कारण भोकं तर त्याला होतीच, आणि वाण जाळीदार लागतं. शेंडेफळ त्याआधीच काचेच्या मोठ्या घरात, मामींच्या देखरेखीखाली, पोट फुगवून झोपलं होतं.

घरी आल्यावर मी तो डबा त्या रिकाम्या फळीवर ठेवला. अनारसे उत्तम झाले होते. भोकांतून मुंग्या शिरल्या, त्या काढून काढून आम्ही ते आठवडाभर खाल्ले. मी सुटलो म्हणून कारखान्यातल्या मंडळींनी माझं अभिनंदनही केलं. आता दर गुरुवारी मी मामांना फोन करतो. बहुतेक वेळा मामीच उचलतात. "जेवली का?" मी विचारतो. "जेवली," त्या म्हणतात. "हातभर झालीय. तुमी कदी येताव?" मी जातो. मामा माझे हात हुंगतात, मामींचे हुंगत नाहीत. कोलंबी माझ्या अंगठ्याला वेटोळं घालते, मी दुसऱ्या हाताने चहा पितो, आणि चहा खरंच फार चांगला असतो हे मला इतक्या वर्षांनी कळलं आहे. मामा हल्ली जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. परवा निघताना दारात म्हणाले, "थोरली येत्या वर्षी पुन्हा अंडी देईल, पण तुमचं वाण मी पुढच्या अधिकातच देणार. नियम म्हणजे नियम." पुढचा अधिक तीन वर्षांनी येतो. बायको म्हणते, ती फळी आता चादरींना दे. मी अजून दिलेली नाही.